दुपारी जाणारं नेट

पांढरकवड्याच्या त्या सरकारी ऑफिसचं नेट मरायचं, तेही शिस्तीत मरायचं. सकाळी ठणठणीत. दुपारी जेवणाची सुटी संपली, डबे धुऊन झाले, सुपारीचं खांड गालात गेलं आणि माणसं आपापल्या मशीनसमोर येऊन बसली की निम्म्यांचं काम सुरू व्हायचं आणि निम्म्यांच्या मशीनवर नुसतं चाक फिरत राहायचं.

ज्या वर्षी बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली, त्या वर्षीची ही गोष्ट. बोंड बाहेरून हिरवंगार दिसायचं, बोटानं फोडलं की आत अळी आणि काळा चुरा. त्या नुकसानीच्या नोंदी मशीनवर चढवायचं काम या ऑफिसकडे होतं. बाहेर कडुनिंबाखाली माणसं सातबाऱ्याच्या नकला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बसलेली असायची आणि दुपारनंतर त्यातल्या बऱ्याच जणांना 'उद्या या' एवढंच ऐकून एसटी गाठावी लागायची. मशीनचंही बोंडासारखंच झालं होतं. कोपऱ्यातलं चिन्ह सांगायचं, वायर जोडलेली आहे, सगळं ठीक आहे. आत काही नाही.

उपाय झाले. जिल्ह्याहून माणूस आला. तो सकाळी आला, सगळं चालू आहे असं त्यानं पाहिलं, चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं यवतमाळला परत गेला. पुन्हा बोलावला, पुन्हा तसाच गेला. मग खिडकीकडच्या वायरी बदलल्या. मग हंसाबाईंनी, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या कारकून बाईंनी, भिंतीवरच्या नेटच्या डब्याला लिंबू-मिरची बांधली. लिंबू वाळून खडखडीत झालं. नेट होतं तसंच राहिलं.

उपाय संपले की माणसं कारण शोधायचं सोडतात आणि माणूस शोधायला लागतात. या ऑफिसला तो शोधायला उंबरठाही ओलांडावा लागला नाही. उज्ज्वला आडे मधल्या टेबलावर बसत होती. पावसाळ्याच्या तोंडावर तिचा नवरा फुलचंद हायवेवर उभ्या ट्रकवर आदळून गेला. तो याच ऑफिसात ऑपरेटर होता. त्याच्या जागी अनुकंपेवर तिला घेतलं, त्याच्याच टेबलावर बसवलं, आणि ती आली त्याच महिन्यापासून नेट दुपारी जायला लागलं. दोन आणि दोन चार करायला कोणाला शाळेत जावं लागत नाही.

नासिरला बोलावणं आलं ते या बेरजेवर शिक्का मारायला.

नासिरचं बसस्टँडच्या मागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस बारीक अंगाचा, बोलायला मिठ्ठास, आणि डोक्यात सतत एक वही उघडी. पैशाची नाही, पैशाच्या हिशेबात त्याची बायको त्याला कधी विश्वासात घेत नसे. ही वही माणसांची होती. कोण बिघाड सांगताना पहिलं वाक्य खोटं बोलतो, कोण मशीनवर हात ठेवताना ते झोपलेलं लेकरू असल्यासारखं ठेवतो, कोण 'मी काहीच केलं नाही' हे न विचारता सांगतो, सगळं जमेला किंवा नावे टाकलेलं. या ऑफिसातली तर बहुतेक पानं त्याच्याकडे होती, कारण इथली एकेक वायर त्यानं आणि फुलचंदनं मिळून भिंतीवर ठोकली होती. फुलचंदचं पान त्यानं अजून फाडलं नव्हतं.

"नासिर, आज मले नाव पाह्यजे," नागोराव साहेब म्हणाले. ते ऑफिसचे प्रमुख. "वायरीचं नाई. माणसाचं."

"पाहू तर द्या साहेब आधी."

"पाह्यचं काय त्याच्यात. बाई आली अन् हे सुरू झालं." त्यांनी पेपरवेटखालचा एक कागद बोटानं सरळ केला. "तिले कायम कराचं का नाई, हा शेरा मले आज संध्याकाळी पाठवाचा आहे. अर्धा लिहून ठेवला. बिघाड तिच्या टेबलावरून आहे, एवढं तू म्हण, की मी खाली सही करतो."

"अन् तसं म्हटलं तर?"

"तर ऑर्डर निघत नाई. मले का तिच्याशी वैर आहे? पण वरून रोज फोन येते. बाहेर लोक बसून राह्यते. कोणाच्या तरी नावावर हे टाकाच लागन."

नागोरावांच्या वहीतल्या पानावर नासिरनं वाईट असं फारसं काही लिहिलेलं नव्हतं. लाच नाही, शिवी नाही. एकच होतं, काटकसर. लोडशेडिंगच्या काळात त्यांनी नियम केला होता की जेवणाच्या सुटीत पंखे, दिवे आणि मशीन सगळं बंद. लोडशेडिंग गेलं, नियम राहिला. त्यांच्याच अक्षरातली पाटी हॉलच्या भिंतीवर होती. आलेल्या पत्राची कोरी बाजू दिसली की ते त्याच्या चिठ्ठ्या कापून खिळ्याला अडकवायचे, आणि नवा कोरा कागद काढताना त्यांचा चेहरा दाढ काढल्यासारखा व्हायचा.

नासिर हॉलमध्ये आला तेव्हा सकाळ होती आणि अर्थातच सगळं चालू होतं.

"आले का डॉक्टर," हंसाबाई खिडकीपाशून म्हणाल्या. "पेशंट सकाळी बराच असते हो. दुपारी अंगात येते त्याच्या."

"मग मी अंगात येईपर्यंत बसतो."

"डबा आणला?"

"नाई."

"मंग माह्या डब्यातली भाकर खा अन् माह्या मशीनपासून सुरू करा. फुकटची भाकर मी कोणाले देत नाई."

त्यांच्या पलीकडे नेमसिंग बसायचा, यूपीएसवर पाय ठेवून. फुलचंदच्याच तांड्यातला, नात्यानं चुलत काका. "माह्यं काई पाहू नका भाऊ," तो म्हणाला. "माह्यं नेट कदी जात नाई. मशीनले माह्यीच सवय लागली. एकदा बसलं की उठत नाई."

"उठाले काम लागते," हंसाबाई म्हणाल्या.

मधल्या टेबलावर उज्ज्वला मान खाली घालून नोंदी चढवत होती. नासिरकडे बघून ती थोडी हसली आणि लगेच समोरच्या माणसाच्या कागदाकडे वळली. नासिरला तिचा पहिला दिवस आठवला. योगायोगानं तो तेव्हा इथंच प्रिंटर उघडून बसला होता. नागोरावांनी हजेरीवर घेताना विचारलं होतं, पतीचं नाव? सगळ्यांना माहीत असलेलं नाव, पण नियम म्हणजे नियम. ती गप्प उभी राहिली. लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या तोंडातून निघालेलं नव्हतं. सासूसमोर नाही, दवाखान्यात नाही, पंचनाम्याला आलेल्या पोलिसापुढंसुद्धा नाही. तिथंही दिरानं सांगितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. शेवटी नेमसिंगनं मागून 'फुलचंद' म्हणून टाकलं आणि तिनं सुटल्यासारखा श्वास घेतला.

सुटी झाली. नागोरावांनी केबिनच्या दारात येऊन पेननं चौकटीवर टकटक केलं, आणि हॉलमध्ये बटणं पडत गेली. हंसाबाईंचं बंद, दाराजवळच्या दोघांचं बंद, उज्ज्वलाचं बंद. साहेब स्वतःचं मशीन बंद करून आले. नेमसिंगनं फक्त पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला, खाली मशीन घुरघुरत राहिलं.

"असं काहून?" नासिरनं हळूच विचारलं.

"पुन्हा चालू कराले किती वेळ लागते भाऊ. पडदा काळा दिसला की सायेबाले समाधान, अन् मले आराम. कोपऱ्यातले दोघं पोट्टेबी असंच करते. मीच शिकवलं."

माणसं डबे घेऊन मागच्या व्हरांड्यात गेली. उज्ज्वला गेली नाही. ती आपल्या टेबलावरच जेवायची, हे नव्या बाईचं लाजणं म्हणून सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. नासिरनं हंसाबाईंची भाकर आणि वर ठेचा खाल्ला, आणि ठेच्याची तारीफ करताना डोळ्यांतलं पाणी पुसलं.

सुटी संपली. बटणं पुन्हा चालू झाली. आणि हंसाबाईंच्या पडद्यावर चाक फिरायला लागलं.

"आलं अंगात," त्या म्हणाल्या.

नासिर उठला. हॉलमधून फिरून प्रत्येकाचं मशीन पाहिलं. गेलेलं कोणाचं? हंसाबाईंचं, दाराजवळच्या दोघांचं, उज्ज्वलाचं, आणि केबिनमध्ये साहेबांचं. चालू कोणाचं? नेमसिंगचं आणि कोपऱ्यातल्या दोघा कंत्राटी ऑपरेटरांचं. जिल्ह्याच्या माणसानं वायरीप्रमाणे हिशेब मांडला असता, तो जुळत नव्हता. हंसाबाई आणि नेमसिंग एकाच डब्यातून, एकाच पट्टीतून आलेल्या वायरीवर. एक मेलं, एक जिवंत. भिंतीप्रमाणे मांडला तरी जुळेना. मशीनच्या वयाप्रमाणेही नाही.

मग नासिरनं दुसरी वही उघडली. वायरीची सोडली आणि माणसांची मांडली. एका बाजूला हंसाबाई, दाराजवळचे, उज्ज्वला, खुद्द साहेब. दुसऱ्या बाजूला नेमसिंग आणि त्याचे दोन चेले. बेरीज एका नजरेत झाली. ज्यांनी नियम पाळला त्यांचं नेट गेलं होतं. ज्यांनी मोडला त्यांचं सुखरूप होतं. देवाच्या राज्यात असं चालतं हे त्यानं ऐकलं होतं. नेटच्या राज्यात तो पहिल्यांदाच पाहत होता.

"नेमसिंगभाऊ, तुमचं मशीन एकदा खरोखर बंद करा."

"माह्यं चांगलं चालू आहे तं काहून मारता?"

"करा तर."

नेमसिंगनं नाइलाजानं बंद केलं, चालू केलं. चाक फिरायला लागलं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. "गेलं," तो म्हणाला. "जिंदगीत एकदा सायेबाचं ऐकलं."

आता नासिरला कारण दिसायला लागलं. मशीन सुरू होताना पहिली गोष्ट पत्ता मागतं. गावात नव्यानं आलेल्या माणसानं चावडीवर जाऊन विचारावं, माझं घर कोणतं, आणि चावडीनं घराचा नंबर सांगावा, तसं. ऑफिसचा डबा तो नंबर देतो, आणि त्या नंबरावरून बाहेरचा रस्ता सापडतो. पण वेशीवरच दुसरा कोणी चावडी मांडून बसला आणि भलतेच नंबर वाटायला लागला, तर माणूस अशा घरात जाऊन पडतो जिथून रस्ताच निघत नाही. सकाळी ज्यांनी नंबर घेतला आणि मशीन बंद केलंच नाही, त्यांना पुन्हा विचारायची वेळ येत नाही. सुटीनंतर जे नव्यानं विचारतात ते फसतात. म्हणजे सकाळी नसलेला आणि सुटीत उगवलेला एक दुसरा डबा या ऑफिसात होता.

त्यानं हंसाबाईंच्या मशीनचा पत्ता काढून पाहिला. ऑफिसचा नव्हताच. मग जवळपास कुठला बिनतारी, म्हणजे वायफायचा, डबा चालू आहे का ते बघायला त्यानं खिशातून मोबाइल काढला. यादीत पलीकडच्या लॉजचं नाव होतं, पेट्रोलपंपाचं होतं. आणि सगळ्यात वर, पुऱ्या रेघा भरलेलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं एक नाव होतं.

फुलचंद.

नासिर उभा होता तो खाली बसला. हंसाबाईंनी विचारलं, "काय झालं, ठेचा लागला का?" तो 'हाव' म्हणाला.

हा डबा त्याच्याच दुकानातून गेला होता. फुलचंद काउंटरवर कोपर टेकून उभा होता आणि नाव टाकायची वेळ आली तेव्हा त्यानं कीबोर्ड ओढून घेतला होता. "नाव मी टाकतो. तू त्याच्यात एखादं अक्षर जास्तीचं घालशीन." एका बोटानं, जीभ ओठात धरून, एकेक अक्षर. ऑफिसात सगळ्यांच्या मोबाइलला नेट मिळावं म्हणून त्यानं तो आणला आणि आठवडाभरात साहेबांनी बंद करवला, कारण भर कामाच्या वेळी हॉलमधून क्रिकेटचा आवाज आला. फुलचंदनं तो खालच्या ड्रॉवरमध्ये टाकला. वायरी ड्रॉवरच्या मागच्या भोकातून तशाच राहिल्या. पुढं सगळे विसरले. नासिरही.

तो मधल्या टेबलाकडे गेला. समोर येऊन बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबा, बाहेर बसा जरा, वायर पाहाची आहे." आणि टेबलाखाली शिरला. ड्रॉवरच्या फटीतून एक हिरवा दिवा लुकलुकत होता. वर उज्ज्वलाचे पाय हलायचे थांबले.

"वहिनी," तो टेबलाखालूनच म्हणाला, हॉलला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. "खालच्या ड्रॉवरमंधी ते चालू आहे."

मग ती म्हणाली, "तुमाले कसं समजलं?"

"मोबाइलवर नाव दिसलं."

"सगळ्याईले दिसते?"

"जो पाहीन त्याले. पण असं पाह्यते कोण."

ती कागद चाळत असल्यासारखी बोलत राहिली. खालून नासिरला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि बहुतेक म्हणूनच ती बोलू शकली.

"टेबल साफ करताना सापडलं पयल्या दिवशी. हे काय म्हणून दोन्ही वायरी लावून पाह्यल्या, अन् मोबाइल उघडला तं नाव आलं. मी कोणाचं नेट घेत नाई, भाऊ. त्याले बोट लावलं की पासवर्ड मागते. मले कुठं सांगतला होता त्यायनं. मी बाहेरूनच पाह्यते. सुटीत लावते, समोर मोबाइल ठेवते अन् जेवते. मंग काढू वाटत नाई. घरी निंगताना काढते."

"घरी का नाई नेलं?"

"घरी काय ठेवू देते सासू? शर्ट, गादी, घड्याळ, समदं देऊन टाकलं. म्हणते, वस्तू राह्यली की त्याचा जीव अटकून राह्यते. फोटो तिनं पेटीत घालून कुलूप लावलं. ती तरी काय करन, तिचाबी थोरला लेक होता." कागद चाळायचा आवाज थांबला. "दिवाळीले तांड्यात निखाऱ्यावर तूप सोडते अन् गेलेल्याईची नावं घेते. सासऱ्यानं घेतलं. दिरानं घेतलं. मी मागं उभी. मले तोंडानं घेता येत नाई ते नाव. वाचता तं येते."

नासिरनं ड्रॉवर ओढला. डब्याला मागं पाच भोकं होती, एक निळं आणि चार पिवळी. फुलचंदनं वायर निळ्यात लावली असती, आणि तशी असती तर कोणाला कधी कळलंही नसतं. तिनं ती पिवळ्यात लावली होती. निळ्यात लावलं की डबा ऑफिसच्या चावडीकडून मागून घेतो. पिवळ्यात लावलं की स्वतःच चावडी होऊन बसतो. त्यानं हे तिला सांगितलं, जमेल तितक्या मऊ शब्दांत.

"म्हणजे दुपारचं समद्याईचं जाते ते याच्यानं?"

"हाव."

"माह्यानं?"

नासिरनं पिवळ्या भोकातली वायर बोटानं चाचपली.

"तो बाबा परसा आलता, काल आलता," ती म्हणाली. "मीच त्याले सांगतलं, नेट नाई, उद्या या. करंजी गावाच्याबी पुढून येते तो. मीच बंद करत होती अन् मीच त्याले परत लावत होती." तिचा हात खाली आला आणि डब्यावर पडला. "काढा हे. घेऊन जा तुमच्या दुकानात."

"थांबा," नासिर म्हणाला. "वायरी दोन आहे. एक लायटीची, एक नेटची. बिघाड नेटच्या वायरीचा. नाव लायटीवर येते." त्यानं पिवळ्या भोकातली वायर दाबून ओढली. टक् असा लहानसा आवाज झाला. "पाहा आता मोबाइल."

तिनं उलटा ठेवलेला मोबाइल सुलटा केला. नासिर टेबलाखालून बाहेर आला तेव्हा ती अजून त्याच्याकडे बघत होती. नाव जिथल्या तिथं होतं.

"मले वाटे, दोन्ही लागते," ती म्हणाली.

मशीनं पुन्हा चालू केली गेली. हंसाबाईंचं आलं, दाराजवळच्यांचं आलं, नेमसिंगचं परत आलं. "पाह्यलं, लिंबू वाळलं तरी कामात येते," हंसाबाई म्हणाल्या. केबिनमधून साहेबांचंही आलं असावं, कारण ते पेन हातात घेऊन बाहेर आले आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले.

"सापडलं?"

"सापडलं, साहेब."

"नाव?"

सगळा हॉल ऐकत होता. नासिरनं पटकन वही चाळली. जिवंत माणसाच्या नावे टाकलं तर त्याची खुर्ची जाते. मेलेल्याचं खातं बंद असतं, त्यात काहीही टाका, तो भांडायला येत नाही. फुलचंद असता तर त्यानं स्वतःच म्हटलं असतं, टाक माह्या नावावर.

"फुलचंदच्या वेळची एक जुनी वायर होती," नासिर म्हणाला. "चुकीच्या जागी लागलेली. काढली." एकेक शब्द वेगळा काढला तर त्यात खोटं काही नव्हतं.

नागोरावांनी जिभेनं टाळूला टक्क केलं. "वाटलंच मले. त्यालेच असले धंदे सुचत. म्हणजे गेला तो गेला, वर ऑफिसले खोडा घालून गेला. इतके लोक परत गेले त्याच्यापायी." मग ते उज्ज्वलाकडे वळले आणि आवाज खाली आणला. "बाई, तुमचा काई दोष नाई. बसा. तुमचा कागद मी करतो."

म्हणजे झालं होतं. खुर्ची वाचली होती. नासिरनं बॅगेची चेन ओढली.

उज्ज्वला उभी राहिली.

"सायेब," ती म्हणाली. तिनं टेबलाची कड धरली होती. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "फुलचंदनं नाई केलं."

हंसाबाईंचा सुपारी चघळणारा जबडा थांबला. नेमसिंगनं यूपीएसवरचे पाय खाली घेतले आणि चपला शोधल्या.

"फुलचंदनं वायर बराबर लावली होती," ती म्हणाली. दुसऱ्यांदा ते जरा सोपं गेलं. "मी चुकीची लावली. ते डबडं मी रोज सुटीत लावते. त्याच्यात त्यायचं नाव दिसते म्हणून. लोक परत गेले ते माह्यापायी गेले. त्याईच्यावर टाकू नका. ते इथं नाई सांगाले."

नागोराव तिच्याकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी हेच नाव त्यांनी दोनदा विचारलं होतं आणि दोनदा त्यांना मिळालं नव्हतं, हे त्यांनाही आठवलं असावं, कारण हातातलं पेन त्यांनी विनाकारण खिशात घातलं, काढलं आणि पुन्हा घातलं.

"सायेब," हंसाबाई म्हणाल्या, त्यांच्या मानानं फारच हळू. "एक सांगू? ज्यायनं ज्यायनं तुमचं ऐकलं, त्याईचंच नेट गेलं. पाह्यजे तं नेमसिंगले विचारा."

नेमसिंग जमिनीकडे बघत म्हणाला, "मले काहून मधात घेता."

नागोरावांनी भिंतीवरची आपल्या अक्षरातली पाटी पाहिली. मग ते मधल्या टेबलापाशी आले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि उघड्या ड्रॉवरमध्ये बघितलं. हिरवा दिवा चालू होता. ते तसेच वाकून राहिले, लोकांना वाटावं कंबर धरली, इतका वेळ.

"हे किती लाइट खाते?" त्यांनी विचारलं.

"झिरोच्या बल्बापेक्षा कमी, साहेब," नासिर म्हणाला.

"पूर्ण सुटी चालू राह्यलं तर?"

"मीटरले पत्ताबी लागणार नाई."

"अन् दुसरी वायर?"

"ती माह्या बॅगेत आहे."

नागोराव सरळ झाले. "मंग राहू द्या," ते म्हणाले, कोणाकडेच न बघता. "सुटीपुरतं. सुटी संपली की बंद. नियम म्हणजे नियम."

ते केबिनमध्ये गेले. दार अर्धं उघडंच राहिलं. नासिरला दिसलं, त्यांनी पेपरवेटखालचा कागद काढला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला. टोपलीत मात्र टाकला नाही. कोरी बाजू वर करून चारही तुकडे चिठ्ठ्यांच्या खिळ्याला अडकवले. मग कपाट उघडून एक नवा, दोन्ही बाजूंनी कोरा कागद काढला. तो काढताना आज त्यांनी चेहरा केला नाही.

उज्ज्वला अजून उभीच होती. हॉलमधल्या माणसांनी आपापल्या पडद्यांत डोकी घातली होती, आणि नेमसिंगनं तर एक नोंद स्वतःहून चढवायला घेतली होती. सुटी केव्हाच संपलेली होती. ती खाली वाकली. बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबली, आणि दाबलं. ड्रॉवरमधला दिवा गेला. तिनं मोबाइल पर्समध्ये ठेवला, पदर सारखा केला, आणि दारात ताटकळलेल्या त्या करंजीकडच्या म्हाताऱ्याला हातानं बोलावलं.

तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला, प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडायला लागला.

"कागद राहू द्या बाबा, मंग पाहू," ती म्हणाली. तिची बोटं कीबोर्डवर होती. "आधी नाव सांगा. जोरानं सांगा, पूर्ण."